फेअरी स्टोन पार्कला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या पॅट्रिक काउंटीत, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, फेअरी स्टोन स्टेट पार्क आहे. दाट जंगल, 168 एकरांचं तळं आणि मातीत सापडणारे क्रॉसच्या आकाराचे स्फटिक, म्हणजेच ‘फेअरी स्टोन’. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहराकडची, वॉशिंग्टनकडची आपली मंडळी मुलांना घेऊन हौसेनं जातात आणि बरीचशी रिकाम्या हातांनी परततात. आमचीही पहिली खेप अशीच गेली.

पहिली चूक जागेची. आम्ही अख्खी सकाळ तळ्याकाठची वाळू चिवडत बसलो. दगड शोधायची जागा मुख्य प्रवेशद्वाराच्या आत नाहीच. पार्कचाच तो वेगळा तुकडा रूट 57 वर काही मैलांवर आहे. आधी पार्कच्या कार्यालयात जा, जागा नकाशावर दाखवून घ्या आणि त्या दिवशीचे नियमही विचारा.

दुसरी चूक नजरेची, आणि आपल्याकडून ती हमखास होते. जळगाव-पुण्याकडचे झिओलाइट खनिजाचे स्फटिक किंवा सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलेल्याला स्फटिक म्हटलं की लखलखाट आठवतो. इथले स्फटिक स्टॉरोलाइट या खनिजाचे, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या सिलिकेटचे. आपले झिओलाइट लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांत मोकळेपणी वाढले. हे मात्र घट्ट खडकाच्या आत वाढले. डोंगर घडताना चिकणमातीचे थर प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत सापडले, त्यांचा शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांचा खडक, झाला आणि त्यात हे स्फटिक तयार झाले. कधी कधी दोन स्फटिक एकमेकांत घुसून वाढतात: 60 अंशांत वाढले तर तिरकी फुली, 90 अंशांत वाढले तर सरळ क्रॉस. सरळ क्रॉस कमी सापडतो. पुढे शिस्ट झिजतो आणि स्फटिक मातीत सुटे पडतात. म्हणून ते तपकिरी, मळकट, बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहून लहान दिसतात. चमक शोधू नका, सरळ कडा शोधा. मातीच्या ढेकळाला कडा नसते.

चालत चालत शोधणं हीही चूकच. पाऊस पडून गेल्यावर जा, कारण वरची माती वाहून गेलेली असते, आणि एका जागी बैठक मारा. हातभर जमीन सावकाश पाहा. आमच्या घरात सगळ्यात आधी दगड मिळाला तो मुलीला. ती दमून खाली बसली होती. पहिल्या तासात बहुतेक सुटे किंवा मोडके तुकडेच मिळतील. सहा बाजूंचा एकेरी स्फटिकही जपून ठेवा, क्रॉस बनतो तो त्याचाच.

खुरपं, कुदळ गाडीतच राहू द्या. इथे अवजारांनी खणायला मनाई आहे. जे वर दिसेल तेच उचलायचं, तेही थोडं आणि स्वतःपुरतं. हा नियम मला मनापासून पटतो. उतारावर खड्डे पडले की झाडांची मुळं उघडी पडतात आणि माती ओघळून जाते.

पायांत लांब मोजे घाला, परतल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड नाही ना ते बघा.

दगड मिळाले की लगेच घरी पळू नका. 1936 साली सुरू झालेलं हे पार्क व्हर्जिनियाच्या पहिल्या सहांपैकी एक. तळ्याच्या जागी पूर्वी फेअरडेल नावाचं लोखंडाच्या खाणींचं गाव होतं. स्टुअर्ट्स नॉब टेकडीच्या पायवाटेवर त्या खाणींच्या खुणा आजही दिसतात.

विकतचा गुळगुळीत, तंतोतंत क्रॉस घेताना जरा थांबा. मऊ दगडातून कोरलेले क्रॉसही ‘फेअरी स्टोन’ म्हणून विकले जातात.

आणि घरी आणलेला दगड ॲसिडमध्ये टाकू नका, तारेच्या ब्रशनं घासू नका. इथल्या बऱ्याच स्फटिकांचं कालांतरानं बारीक अभ्रकात रूपांतर झालेलं असतं, त्यामुळे ते वाटतात तेवढे टणक नसतात. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. शिस्टचा तुकडा चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या. तो ओढून काढण्याच्या नादात आमच्या पहिल्या सरळ क्रॉसचे दोन तुकडे झाले.