नव्या आशाताईंसाठी: आधी बाळ बघायला शिका

मेळघाटातल्या आमच्या धारणी तालुक्यात नवीन आशाताई कामाला लागली की प्रशिक्षण होतं, हातात औषधपेटी आणि रजिस्टरांचा गठ्ठा येतो, आणि तिचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, रिपोर्ट किती तारखेला द्यायचा?" मी आधी आशा होते, आता गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करते. मी सांगते, रिपोर्टचं आपण दोघी बसून करू. पहिल्या वर्षात एकच गोष्ट अंगवळणी पाड. नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी जायचं आणि बाळ उघडं करून बघायचं.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. ही पद्धत कुणी खुर्चीत बसून ठरवलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि २०११ मध्ये घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. आपल्याच विदर्भातल्या खेड्यांमध्ये सिद्ध झालेलं हे काम आहे. तुम्ही दारात उभं राहून "बाळ बरं आहे ना?" एवढं विचारून परत आलात, तर त्यातलं काहीच होत नाही.

घरात गेल्यावर आधी साबणाने हात धुवा, सगळ्यांना दिसतील असे. मग आईशी बोला. दूध ओढतंय का, कालच्यापेक्षा कमी ओढतंय का, रडणं बारीक झालंय का? बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, अंग ढिलं पडलं असेल किंवा पिणं थांबलं असेल, तर तिथूनच नर्सबाईंना फोन लावा आणि गाडी मागवा. उद्यावर टाकायचं नाही.

वजन करताना घरोघरी अडतं. एका घरी आजी बाळाला काट्याच्या झोळीत ठेवू देईना. लटकवलेलं बाळ पडेल, नजर लागेल, असं तिचं म्हणणं. मी काटा तिच्यासमोर धरला, रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणला आणि म्हटलं, "आजी, तुम्हीच ठेवा." तिने दोन्ही हातांनी बाळ झोळीत ठेवलं आणि खालून हात तसाच धरून राहिली. हात टेकलेला असला की वजन कमी दाखवतं, म्हणून मी तिला हात बोटभर खाली घ्यायला सांगितलं. १९०० ग्रॅम भरलं. तळपाय गार होते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावलं, टोपी घातली, वरून दोघांना पांघरूण दिलं. थोड्या वेळाने आजीनेच तळपायाला हात लावून पाहिला. पुढे त्या घरी ती स्वतः बाळ आणून द्यायची. १८०० ग्रॅमच्या खालचं बाळ मात्र घरी ठेवायचं नाही, दवाखान्यातच न्यायचं.

भूमकाशी, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्य-मांत्रिकाशी, वैर धरू नका. मेळघाटात लोक आधी त्याच्याकडेच जातात, आणि तुम्ही त्याला शिव्या घातल्या तर घरचे तुमच्यापासून आजार लपवतील. त्याच्या घरी जा, बसा, बाळाची धोक्याची लक्षणं त्यालाही समजावून सांगा. पूजा करायची तर करू दे, पण पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके देण्याच्या बाबतीत तडजोड नको. तिथे स्पष्ट नाही म्हणायचं आणि बाळ हलवायचं.

मोबदल्याचंही सांगते, कारण ते कुणी आधी सांगत नाही. आपण कागदावर स्वयंसेविका आहोत, पगारी कर्मचारी नाही. बरेच पैसे कामावर मिळतात. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. ते उशिरा येतात. संप झाले तेव्हा कुठे राज्याकडून मिळणारा मोबदला वाढला. हे आपल्यावर अन्यायाचंच आहे आणि त्यासाठी संघटनेत भांडलंच पाहिजे. पण घर फक्त या पैशांवर चालेल असं धरून येऊ नका. केलेल्या प्रत्येक भेटीची तारीख स्वतःच्या वहीत लिहा, बिल अडलं की तीच कामाला येते.

दिवाळीनंतर निम्मं गाव कामाला बाहेर जातं आणि होळीला परततं. जाणाऱ्या घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड सामानात बांधलंय का ते डोळ्यांनी बघा. कार्डाचा फोटो तुमच्याकडे ठेवा आणि मुकादमाचा नंबर घ्या. लस कुठेही मिळते, पण कोणती झाली हे कळायला कार्ड लागतं.

आता पावसाळ्याचं. नाले भरले की गाडी गावापर्यंत येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायकांची यादी मे महिन्यातच करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माहेरघरात त्यांना चार-पाच दिवस आधी नेऊन ठेवता येतं. बाई तयार असते, पण घर अडतं: मोठ्या पोरांना कोण बघणार, शेळ्या कोण सोडणार, सोबत कोण जाणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सासू-नवऱ्यासोबत बसून काढा आणि प्रत्येक नावापुढे लिहा. यादीची एक प्रत नर्सबाईंना द्या, एक मला.