4294967297 मूळ संख्या आहे का? तपासताना या चुका टाळा

मोठी संख्या तपासायला घेतली की लोक ठरलेल्या चार-पाच जागी घसरतात, आणि ते सगळे खड्डे एकाच रस्त्यात बघायचे असतील तर 4294967297 घ्या, म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. फर्मा या गणितज्ञाला वाटलेलं ही मूळ संख्या असणार, नंतरच्या ऑयलर या गणितज्ञाने 1732 मध्ये फोडून दाखवली: 641 × 6700417.

पहिला घोळ वाचतानाच होतो. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्या, 4,29,49,67,297, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी वगैरे. चार कोटी नाही!

मग कसोट्या. अंकांची बेरीज 59, म्हणून 3 ने भाग जात नाही, शेवटी 7 आहे म्हणजे 2 आणि 5 बाद (आणि पूर्ण वर्गही नाही, कारण वर्गाच्या शेवटी 7 कधीच येत नाही). इथपर्यंत सगळे बरोबर येतात, पुढे शंभरेक पर्यंत भागून बघतात, कंटाळतात आणि 'मूळ आहे' म्हणून मोकळे होतात. अहो, 641 ही 116 वी मूळ संख्या आहे, तिथवर जायला नको? नियम वर्गमूळापर्यंतचा, इथे 65536 पर्यंत. काही जण उलट कोडमधला लूप (तोच भागाकार परत परत करणारा भाग) थेट अर्ध्या संख्येपर्यंत फिरवतात, ते दोनशे कोटींच्या वर जातं, कशाला उगाच. आणि 641 सापडल्यावर 6700417 साठी परत 2 पासून सुरू करू नका, 641 पासूनच पुढे 2588 पर्यंत बघितलं की झालं, ती मूळ निघते.

ऑयलरने तर एवढंही केलं नाही. त्याने सिद्ध केलं की या संख्येचा कुठलाही मूळ अवयव 64 च्या पटीत 1 मिळवून येणाराच असतो, म्हणजे 193, 257, 449, 577, 641. पाचव्यालाच काम फत्ते. आधी डोकं, मग भागाकार.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे फर्माची कसोटी (n मूळ असेल तर पाया म्हणून घेतलेल्या संख्येचा (n−1) वा घात n ने भागून बाकी 1 यायला हवी) फक्त पाया 2 घेऊन लावणं. या संख्येला ती कसोटी चक्क पास होते, 2 चा (n−1) वा घात n ने भागला की बाकी 1 येते, आणि तरी ती मूळ नाही. पाया 3 घ्या, लगेच पितळ उघडं पडतं.

कोडमध्ये उत्तर विचित्र येतंय? सी भाषेत 32 बिटच्या अनसाइन्ड इंटमध्ये (ऋण नसलेले पूर्णांक ठेवायचा प्रकार, ही संख्या त्यात मावत नाही) ही संख्या टाकली तर नुसता 1 उरतो, 64 बिटचा प्रकार वापरा. एक्सेलमध्ये ही मावते, पण 18446744073709551617 (2 चा 64 वा घात अधिक 1) टाकून बघा, पंधरा अंकांनंतर सगळी शून्यं, आणि मग ती 5 ने 'भाग जाते'. अशा वेळी सरळ पायथन उघडा, पण भागाकाराला दोन तिरप्या रेघा (//), एक नाही, एकीने दशांशातलं उत्तर येतं.

विभाजक मोजताना 1 आणि ती संख्या स्वतः विसरू नका, एकूण चार होतात. बेरीज 642 × 6700418, म्हणजे 4301668356 यायला हवी.