थायलंडमधलं खाणं-पिणं : या चुका टाळा आणि घंटेला हात लावू नका

बँकॉकला निघालेलं कुणी ना कुणी मला फोन करतंच. "आम्ही व्हेज आहोत, पण काहीतरी मिळेलच ना?" मिळतं हो. त्यात काय पडलेलं असतं, हा प्रश्न आहे.

‘नो चिकन, नो मीट’ एवढं सांगून निर्धास्त होणं ही सगळ्यांची लाडकी चूक. मागे मावशी बरोबर होती. गाडीवरच्या बाईंनी हसून मान डोलावली, कच्च्या पपईचं सोम तम खलात कुटलं आणि समोर ठेवलं. मावशीने दोन घास कौतुकाने खाल्ले. तिसऱ्याला काहीतरी चिमटीत धरून म्हणाली, "याला डोळे कसे रे?" सुकट होती ती! त्यात बाईंचं काय चुकलं? चिकन नको म्हटलं, त्यांनी घातलं नाही. तिकडे नाम प्ला, म्हणजे माशाचं सॉस, आपल्या मिठासारखं पडतं. करीच्या वाटणात कपि असतं, आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. परतलेल्या पालेभाजीतही ऑयस्टर सॉस.

म्हणून मी ‘व्हेज’ म्हणतच नाही, ‘किन जे’, म्हणजे ‘जे’ पद्धतीचं शाकाहारी खातो, असं म्हणतो. ‘जे’ मिळणाऱ्या ठिकाणाची पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी शोधायची. ती अक्षरं लांबून इंग्रजी सतरासारखी दिसतात. तिथे मांस, मासे, अंडं, दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र चालतात, तेव्हा जैन मंडळींनी विचारून घ्यावं.

"आम्हाला तिखटाची सवय आहे" म्हणणाऱ्यांना समजावणं मी सोडलंय. ‘फेत नित नोय’, थोडंच तिखट, एवढं पाठ करा.

आता घंटा. पटायातल्या एका बिअर बारमध्ये काउंटरवर घंटा टांगलेली होती. आमच्यातल्या एकाने गमतीत वाजवली. अख्ख्या बारने टाळ्या पिटल्या, गडी खूश. घंटा वाजवणारा सगळ्यांना एकेक ड्रिंक पाजतो, हे त्याला कळलं तेव्हा आमच्यासमोरच्या पेल्यात बिलाच्या चिठ्ठ्या मावत नव्हत्या. तेव्हापासून पेल्यात चिठ्ठी पडली की मी लगेच काढून वाचतो. लोक हसतात, हसू देत.

बँकॉकमधल्या पतपोंग या बारच्या गल्लीत ‘वर शो आहे, एंट्री फ्री’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. जिना चढायला फुकट, उतरायला पैसे. अडकलात तर टुरिस्ट पोलीस, 1155.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घरीच ठेवा, तिकडे बंदी आहे. वय 20 पूर्ण नसेल तर दारू मिळत नाही. नळाचं पाणी पिऊ नका. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो मी बिनधास्त घेतो. सोमवारी बँकॉकमधल्या खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात, खादाडीचा बेत त्या दिवशी आखू नका.

आणि बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावरची ती दारूची बादली! पोरं वाळूत खेळतात तसली, आत रम, कोला आणि एनर्जी ड्रिंक. गोड लागते म्हणून पहिल्याच रात्री एकट्याने संपवणारे हिरो मी पाहिलेत, दुसऱ्या दिवशी दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत. आम्ही एका बादलीत चार नळ्या घालतो.