भाऊ चुकला, तर आधी एकट्याने जा

सांगली-साताऱ्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत भांडण शिकवणुकीवरून क्वचितच पेटतं. ते पेटतं बांधावरून, वाटणीच्या भिंतीवरून, लग्नात राहिलेल्या मानपानावरून, कमिटीच्या हिशेबावरून. मग समोरासमोर बोलणं सोडून बाकी सगळं होतं. एक जण बाक बदलतो, दुसरा व्हॉट्सअॅपवर बायबलचं वचन टाकतो (कुणासाठी ते सगळ्यांना कळतं), आणि तिसरी म्हणते, "प्रार्थनेसाठीच सांगते हं." ही प्रार्थना नव्हे, बातमी आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात, 15 ते 17 या वचनांत, येशूने क्रम घालून दिलाय: आधी दोघांतच बोला, मग एक-दोघांना बरोबर न्या, शेवटी मंडळीला सांगा. क्रम उलटला की बिघडतं, कारण चारचौघांत बोट दाखवलं की माणूस चूक बघत नाही, अब्रू सांभाळतो.

समजा, मंडळीतल्याच शेजाऱ्याने बांध कोरलाय. जाण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. पहिली, डोळ्यांनी दिसलेलं: "नांगरटीनंतर बांध माझ्याकडे दोन हात सरकलाय." "तुम्ही नेहमीच जमीन लाटता" हे दिसलेलं नाही, तो निकाल आहे. दुसरी, तुमचं काय नुकसान झालं. तिसरी, तुमचं स्वतःचं काय चुकलं. कुसळ-मुसळाचा दाखला इथेच कामाला येतो. तिसरी ओळ कोरी राहिली तर त्या दिवशी जाऊ नका.

सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, या इफिसकरांस पत्रातल्या वचनाचा (4:26) अर्थ रात्री अकराला दार वाजवा असा आम्ही घेत नाही. संध्याकाळीच निरोप द्या: "उद्या येतो, बोलायचंय." रविवारी उपासनेनंतर चर्चच्या दारात विषय काढू नका. ऊसतोड चालू असताना नको, आणि रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजून आलेल्या माणसाशी सकाळी आठला तर मुळीच नको. तो तुमच्यावर नाही, झोपेवर चिडलेला असतो.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं त्याची. ऐकायला तत्पर, बोलायला धीमे असा याकोबाचा सल्ला (1:19) पाळणं इथेच सगळ्यांत अवघड जातं. मग त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा: "म्हणजे मी न विचारता तार ओढली, त्याचा राग आहे, असंच ना?" त्याने "हो" म्हटल्याशिवाय स्वतःचं सुरू करू नका. आवाज चढला तर प्यायला पाणी मागा. तो उठतो, आत जातो, तांब्या आणतो. तेवढ्यात दोघांचा श्वास जागेवर येतो.

माफी मागताना दोन शब्द टाळा: "असेल" आणि "पण". "काही चुकलं असेल तर माफ करा" यात चूक कुणी कबूलच करत नाही. "चुकलं, पण तुम्हीही..." हे तर नवं भांडण. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा आणि भरपाईचं बोला. कर वसूल करणारा जक्कय नुसता हळहळला नाही, लुबाडलं असेल ते चौपट परत देतो म्हणाला (लूक 19:8).

मत्तयाच्या त्याच 18व्या अध्यायात निर्दय चाकराचा दाखला आहे: स्वतःचं कर्ज माफ झालेला हा चाकर सोबतच्या चाकराला कर्जापायी तुरुंगात टाकतो. त्याचं सोबतच्या चाकराकडून येणं शंभर दीनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. रक्कम लहान नव्हती, हे प्रवचनात बरेचदा सुटतं. तुमचं नुकसान खरं आहे, ते नाकारून कळवळा येत नाही. फक्त त्या चाकराला स्वतःला राजाने माफ केलं होतं दहा हजार तालांत, म्हणजे सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी.

एकट्याने जमलं नाही तर सोबत नेलेला माणूस तुमचा साडू नसावा. दोघांचाही विश्वास असलेला हवा. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात द्या, फी निम्मी-निम्मी घाला. मोजणी मागणं म्हणजे प्रेम कमी पडलं असं नव्हे. गावची तंटामुक्त समितीही चालेल.

शेवटच्या पायरीवर, मंडळीचंही ऐकलं नाही तर, तो माणूस "जकातदारासारखा" (लोक ज्यांना टाळत त्या कर वसूल करणाऱ्यांसारखा) समजा, असं वचन आहे. त्याचा अर्थ वाळीत टाका असा लावणारे आहेत. पण येशू जकातदारांच्या पंक्तीला जेवला, आणि मत्तय स्वतः जकातदारच. शिवाय 2016 च्या कायद्याने महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार गुन्हा आहे. कमिटीच्या जबाबदाऱ्या काढा, "जय ख्रिस्त" म्हणणं थांबवू नका.

एका ठिकाणी हा क्रम लागू नाही: मारहाण, मुलांशी गैरवर्तन, धमकी. तिथे पीडितेला "एकटी जाऊन बोल" सांगणं क्रूरपणा आहे. 112 ला फोन करा, बाईसाठी 181, मुलांसाठी 1098. क्षमा मनात होऊ शकते, पण त्याच घरात परत जाणं ही क्षमेची अट नाही. घराची अब्रू म्हणून गप्प बसवणारा पाळक असला, तरी त्याचं ऐकू नका.

बांधाचा वाद मिटला तर दगड बसवताना दोघेही हजर राहा, आणि दोन्हीकडची पोरंही उभी करा. वाद पुढच्या नांगरटीला उकरतो तो बहुधा त्या दिवशी रानात नसलेला माणूस.