एनक्यूएएसचं असेसमेंट येतंय? आधी स्वतःलाच शून्य द्यायला शिका

सरकारी हॉस्पिटलला एनक्यूएएस (केंद्र सरकारचे क्वालिटीचे निकष), लेबर रूम आणि मॅटर्निटी ओटीला (ऑपरेशन थिएटरला) ‘लक्ष्य’ (बाळंतपणाच्या सेवेसाठी केंद्राची क्वालिटी योजना), प्रायव्हेटवाले शक्यतो एनएबीएच (हॉस्पिटलांना क्वालिटीची मान्यता देणारी संस्था), पण कुठलंही घ्या, आधी घरचं इंटर्नल (आपली आपण केलेली तपासणी) आणि मग बाहेरचे असेसर (तपासणारे). सोलापुरात नवीन पोरं दरवेळी विचारतात की इंटर्नल करायचं कसं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

एनक्यूएएसमध्ये चेकलिस्ट इंटर्नल आणि बाहेरच्या, दोघांची एकच असते. प्रत्येक मुद्द्याला 2, 1 किंवा 0, म्हणजे पूर्ण, अर्धवट, नाहीच. तपासायचं चार तऱ्हेनं, डोळ्यांनी बघून, स्टाफला विचारून, रेकॉर्ड काढून आणि पेशंटशी बोलून. आपल्याकडे काय होतं, फक्त रेकॉर्ड बघून सगळीकडे 2 टाकतात, एचओडी खूश, आणि मग बाहेरचा असेसर सफाईवाल्या मावशींना विचारतो की फरशीवर रक्त सांडलं तर काय करता, की झालं.

म्हणून वॉर्ड अदलाबदल करा. लेबर रूम पेडियाट्रिकच्या इन्चार्ज सिस्टरनी बघायची, त्यांचा वॉर्ड सर्जरीवाल्यांनी. स्वतःच्या वॉर्डला कोण शून्य देतंय हो!

फ्रिजचंच घ्या. ऑक्सिटोसिन 2 ते 8 डिग्रीत लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर, त्यात लाइट गेली की संपलंच. टेम्परेचर चार्ट उघडा, महिनाभर 4, 4, 4, एकाच पेनानं, आणि दुपारी दोनला बघताय तरी संध्याकाळचा रकाना भरलेला! इथे 1 सुद्धा देऊ नका. 0 लिहा, मग थर्मामीटर बंद आहे का, नोंद कुणाकडे आहे, कोण सुधारणार आणि कुठल्या तारखेपर्यंत ते लिहा, नाहीतर गॅप ॲनालिसिस (कुठे काय कमी पडतंय त्याची यादी) म्हणजे नुसती फाइल.

टीचिंग हॉस्पिटलची खरी डोकेदुखी म्हणजे माणसं टिकत नाहीत. इंटर्न पोस्टिंग संपवून जातात, रेसिडेंट बदलतात, ज्याला शिकवलं तो नेमका त्या दिवशी दुसरीकडे. त्यामुळे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी दहा मिनिटं काढा, हात धुवून दाखव, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) उघड, सुई कशात टाकणार (पांढरा डबा), ग्लोव्हज कशात (लाल पिशवी). लेक्चर नको, करून घ्या.

पेशंटला विचारायचं सगळे टाळतात. अक्कलकोट, कलबुर्गीकडनं आलेले कन्नड बोलतात, सोलापूरच्या पूर्व भागातली बाई तेलुगू. मराठी संमतीपत्रावर अंगठा आहे पण सिझर का केलं हे तिला सांगताच येत नाही, मग त्या कागदाचा उपयोग काय? तेलुगू-कन्नड येणाऱ्या सिस्टर आपल्याकडे भरपूर आहेत, समजावून कुणी सांगितलं त्याचं नाव केस पेपरवर लिहा.

एक्सटर्नलच्या दिवशी असेसरमागे घोळका नको, डिपार्टमेंटचा एकच माणूस बास. माहीत नसेल तर "इन्चार्जना विचारून सांगते" म्हणा, ठोकून देऊ नका. आणि आदल्या रात्री बसून मागच्या तारखांची रजिस्टरं भरू नका, शाई कळते.

एनक्यूएएसला टोटल 70 टक्के लागतात, पण एकटं डिपार्टमेंट 70 च्या खाली गेलं तरी अडतं. लक्ष्यला 70 च्या वर सिल्व्हर, 80 च्या वर गोल्ड, 90 च्या वर प्लॅटिनम. एनक्यूएएसचं नॅशनल सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं आणि मधल्या वर्षांत स्टेटवाले सर्व्हेलन्सला (निकष अजून पाळताय का ते बघायला) येतात, तेव्हा पुढच्या इंटर्नलची तारीख आणि कोण कुठला वॉर्ड बघणार हे क्लोजिंग मीटिंग झाली की त्याच दिवशी ठरवून टाका, नंतर कुणी सापडत नाही.