परिषदेच्या सत्रासाठी गोषवारा कसा लिहावा: शिरोलीतलं काम बेंगळुरूच्या मंचावर नेताना

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत रोज असं तांत्रिक काम होतं, की ते पुण्या-बेंगळुरूच्या परिषदेत सांगितलं तर ऐकणारे वही काढून लिहून घेतील. फाउंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, सँडच्या (साच्याच्या वाळूच्या) नोंदींवरून रिजेक्शनचा, म्हणजे किती माल नाकारला जाईल याचा, अंदाज बांधणारे इथे आहेत, इचलकरंजीच्या मागाचा बिघाड मोबाईलवर कळवणारे आहेत, राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून परदेशातली प्रणाली सांभाळणारेही आहेत. पण परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत ही मंडळी फार कमी दिसतात. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण म्हणजे निवड समितीच्या हातात पडणारा दीड-दोनशे शब्दांचा गोषवारा. काम भक्कम असतं आणि गोषवाऱ्यात ते दिसतच नाही. तो कसा लिहायचा, ते क्रमाने पाहू.

वाचणार कोण, हे आधी ओळखा

तुमचा मजकूर दोघे जण वाचतात. पहिली निवड समिती. ही बहुतेक स्वयंसेवक मंडळी असतात. दिवसाची नोकरी संपवून रात्री एका बैठकीत डझनावारी प्रस्ताव वाचतात. अनेक परिषदांत पहिल्या फेरीत नाव झाकलेलं असतं, त्यामुळे तुमची पदवी, हुद्दा, कंपनी तिथे कामाला येत नाही. दुसरा वाचक म्हणजे प्रत्यक्ष आलेला श्रोता. शेजारशेजारच्या सभागृहांत एकाच वेळी दोन-तीन सत्रं चालू होणार असतात आणि हातात चहाचा कप घेऊन तो अर्ध्या मिनिटात ठरवतो, कुठे जायचं. त्याच्यासमोर तोच मजकूर असतो.

शोधनिबंधाचा गोषवारा ही वेगळी गोष्ट आहे. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत तो एकाच परिच्छेदाचा, साधारण १५० ते २५० शब्दांचा असतो; त्यात संदर्भ आणि समीकरणं नसतात, पद्धत आणि निष्कर्ष थोडक्यात येतात. एम.टेक.ला त्याची सवय लागते आणि मग सत्राचा गोषवाराही त्याच साच्यात उतरतो. पण सत्राला येणारा माणूस स्वतःची अडचण घेऊन येतो. इथून मला काय नेता येईल, एवढंच त्याला बघायचं असतं.

आणखी एक: प्रस्तावांचं आवाहन शेवटपर्यंत वाचा. विषयविभाग, सत्राची लांबी, श्रोत्यांची पातळी, शब्दमर्यादा सगळं त्यात दिलेलं असतं. कुठे मर्यादा शब्दांत असते, कुठे अक्षरांत.

फॉर्म उघडण्याआधी एक वाक्य

हे वाक्य पूर्ण करा: "माझं सत्र ऐकून गेलेला माणूस उद्या आपल्या कामात … करू शकेल." मराठीत करा आणि मोठ्याने बोला. शक्यतो शिफ्ट संपल्यावर चहाला थांबलेल्या अशा सहकाऱ्याला सांगा, ज्याला तुमचा विषय येत नाही. तो "म्हणजे काय?" असं जिथे विचारेल, ती जागा लक्षात ठेवा, गोषवाऱ्यात तिथेच खुलासा लागणार आहे. वाक्य पूर्णच होत नसेल तर विषय अजून फार मोठा आहे. "फाउंड्रीत कृत्रिम बुद्धिमत्ता" यावर अर्ध्या तासाचं सत्र होत नाही. "सँडचा ओलावा आणि ब्लोहोल (ओतलेल्या भागात वायूमुळे राहणारी पोकळी) यांचा संबंध रोजच्या नोंदवहीतून कसा शोधायचा" यावर होतं.

आता मुख्य परिच्छेद

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. आधी नेहमी दिसतो तसा एक मजकूर बघा, नमुन्यासाठी रचलेला:

"आजच्या डिजिटल युगात उत्पादन क्षेत्रात डेटाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. इंडस्ट्री ४.० मुळे कारखान्यांचा चेहरामोहरा बदलत आहे. या सत्रात मशीन लर्निंगचे विविध उपयोग, त्यातील आव्हाने व भविष्यातील संधी यांचा सखोल आढावा घेण्यात येईल."

तीन वाक्यं झाली आणि एकही कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, दिसलं नाही. हे सत्र कोइमतूरचा माणूस देऊ शकतो, राजकोटचा देऊ शकतो, कधीही कारखान्यात न गेलेलाही देऊ शकतो. आता त्याच विषयाचा दुसरा मजकूर, हाही नमुन्यापुरताच:

"ग्रीन सँडमध्ये ओलावा जास्त झाला की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होते. ती मोल्डमधून (साच्यातून) बाहेर पडली नाही, तर कास्टिंगमध्ये ब्लोहोल राहतात. हा दोष बऱ्याचदा मशीनिंगला घेतल्यावरच उघडा पडतो. तोवर त्याच सँडचे पुढचे मोल्ड ओतून झालेले असतात. ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (सँड दाबल्यावर किती बसते ते) आणि ओतण्याचं तापमान आमच्या शिफ्टच्या वहीत आधीपासून लिहिलं जात होतं. आम्ही त्या नोंदी रिजेक्शनच्या नोंदींशी जुळवल्या आणि पायथॉनमध्ये एक साधा डिसिजन ट्री (एकामागून एक प्रश्न विचारत अंदाजापर्यंत नेणारं मॉडेल) बांधला. हाताने लिहिलेल्या नोंदी कशा साफ केल्या, हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) जुळत नव्हते तिथे काय केलं आणि मॉडेल कुठे फसलं, ते मी दाखवेन. स्वतःच्या कारखान्यातल्या वहीपासून सुरुवात कशी करायची, हे ऐकणाऱ्याला कळेल. पायथॉनची तोंडओळख हवी. फाउंड्रीची माहिती नसली तरी चालेल."

पहिल्या दोन वाक्यांत अडचण आणि तिचं कारण आलं, तेही फाउंड्री न पाहिलेल्याला समजेल असं. तिसऱ्या वाक्यात ती अवघड का आहे ते आलं: दोष उशिरा दिसतो. हे वाक्य गाळलं तर उरलेल्या कामाला वजनच राहत नाही, कारण दोष लगेच दिसत असता तर मॉडेलची गरजच पडली नसती. नंतर "आम्ही" आलं, म्हणजे काम स्वतः केलेलं आहे. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचे शब्द आहेत "मॉडेल कुठे फसलं". यशाची गोष्ट सगळेच सांगतात. फसलेली जागा दाखवायला तयार असलेला वक्ता समितीला हवा असतो, कारण श्रोता नेमका तिथेच अडकणार असतो.

खरा आकडा हातात असेल तर जरूर द्या, पण त्याच्या पायासकट: किती महिन्यांच्या नोंदी, किती कास्टिंग, आधी किती आणि नंतर किती. "रिजेक्शन निम्म्यावर आलं" एवढंच लिहिलं तर जाणकार वाचक थबकतो. पाया देता येत नसेल तर आकडा गाळा. त्याने गोषवारा कमकुवत होत नाही.

गावची गोष्ट बाहेरच्याला कळेल अशी लिहा

कोल्हापुरात "बंधारा ३९ वर गेला" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. नदीकाठची घरं सामान आवरायला लागतात. बेंगळुरूत बसलेल्या समितीला मात्र यातलं काहीच माहीत नाही. समजा, पाणीपातळीचा इशारा देणारी प्रणाली तुम्ही बनवली आहे. मग असं लिहा: "पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. २०१९च्या महापुरात ती ५५ फुटांच्या वर गेली." दोन वाक्यांत नदी, मोजण्याची जागा, दोन उंबरठे आणि संकटाचा आवाका कळला. पुढे सेन्सर, नेटवर्क गेल्यावर माहिती कुठे साठते, खोटा इशारा कसा टाळता, हे सगळं त्याच आकड्यांना धरून येतं. गावचा तपशील काढून टाकून मजकूर "सर्वसाधारण" करण्याचा मोह होतो. तो तपशीलच तुमच्या प्रस्तावाचं बळ आहे. फक्त त्याला अर्ध्या वाक्याचा खुलासा जोडा.

शीर्षक शेवटी

परिच्छेद तयार झाल्यावर शीर्षक त्यातूनच उचला. "शिफ्टच्या वहीतून ब्लोहोलचा अंदाज" चालेल. "मशीन लर्निंग: एक दृष्टिक्षेप" नको. शब्दांच्या कसरती आणि सिनेमाच्या नावांवरची कोटी टाळा, कारण छापील पत्रिकेत बहुतेकदा फक्त शीर्षक दिसतं आणि विषय त्यातूनच कळायला हवा.

फक्त समितीसाठी असलेला रकाना

बऱ्याच फॉर्मवर समितीपुरती एक जागा असते, ती छापली जात नाही. ती रिकामी सोडू नका. तिथे मिनिटांची आखणी द्या. तीस मिनिटांचं सत्र असेल तर: अडचण ५, नोंदी साफ करणं १०, मॉडेल ७, फसलेल्या जागा ४, प्रश्न ४. असं लिहिलं की वेळेचा विचार झालाय हे समितीला कळतं आणि तुम्हालाही कळतं की चाळीस मिनिटांचा ऐवज तुम्ही तिसात कोंबत होता. प्रात्यक्षिक दाखवणार असाल तर इंटरनेट बंद पडल्यास काय करणार, हेही इथे नोंदवा. पहिल्यांदाच बोलत असाल तर तसं लिहायला संकोच नको. काही परिषदा नव्या वक्त्यांना सरावासाठी मार्गदर्शक देतात, काही प्रवासखर्चात मदत करतात. फॉर्मवर त्यासाठी चौकट असेल तर तिच्यावर खूण करायला विसरू नका.

इंग्रजीची धास्ती

फॉर्म बहुधा इंग्रजीतच भरायचा असतो. आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत नेलेला मजकूर मला नेहमी जास्त स्वच्छ वाटतो, कारण विचार आधी पक्का झालेला असतो. वाक्यं छोटी ठेवा. "करण्यात आले" असल्या रचनेऐवजी "आम्ही केलं" याच धर्तीवर लिहा. व्याकरण तपासायला चॅटजीपीटी वापरायला हरकत नाही, मात्र परिषदेचे त्याबाबत काही नियम आहेत का ते बघा. आख्खा मजकूर त्याच्याकडून लिहून घेऊ नका. "डिजिटल युगात" छापाचा तोच परिच्छेद परत येतो आणि तुमचे हीट नंबर, तुमची वही त्यातून गायब होतात.

मालकाची परवानगी

हे निवड झाल्यावर बघू म्हणून पुढे ढकलू नका. आपल्याकडच्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप मोठ्या वाहन कंपन्यांना माल देतात. ड्रॉइंग, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे ही ग्राहकाच्या करारात गुप्त ठेवायची माहिती असू शकते. गोषवारा पाठवण्याआधी तो मालकाला किंवा व्यवस्थापकाला वाचायला द्या आणि ईमेलवर होकार घ्या. ग्राहकाचं नाव काढून "एका वाहन कंपनीसाठीचा भाग" म्हटलं तरी सत्राचं काही बिघडत नाही. उलट बाजूही सांभाळा: आपल्या कंपनीचं उत्पादन विकण्याचा सूर लागला, तर प्रस्ताव हमखास मागे पडतो.

वक्त्याची ओळख दोन-तीन ओळींची पुरे, आणि तीही विषयाशी जोडलेली. सँडवर बोलणार असाल तर किती वर्षं सँड प्लँट सांभाळला ते लिहा. महाविद्यालयातली बक्षिसं राहू देत.

पाठवण्याआधी दोघांकडून वाचून घ्या: एक तुमच्याच क्षेत्रातला, एक अगदी बाहेरचा. पहिला तांत्रिक चूक पकडेल. दुसऱ्याला वाचून झाल्यावर मजकूर बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा, "या सत्रात काय मिळणार?" त्याने सांगितलेलं उत्तर आणि तुम्ही सुरुवातीला लिहिलेलं वाक्य जुळत नसेल, तर मुख्य परिच्छेद पुन्हा लिहा. शेवटच्या रात्री संकेतस्थळ अडखळण्याची भीती असते, म्हणून दोन दिवस आधी फॉर्म भरा. बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत मजकूर बदलता येतो. नकार आला तर समितीकडे अभिप्राय मागा. सगळ्या परिषदा देत नाहीत, पण दिला तर तो हाताशी ठेवून तोच प्रस्ताव सुधारून दुसऱ्या परिषदेकडे पाठवता येतो.