स्कीच्या सुट्टीत स्थानिकांचा सल्ला कसा मिळवावा आणि त्यांच्या धंद्याला हातभार कसा लावावा

उतारांचा नकाशा सगळ्यांना सारखाच मिळतो. पण कुठला उतार सकाळी काचेसारखा टणक असतो, वारा सुटला की स्कीअर्सना डोंगरावर वर नेणारी कोणती लिफ्ट आधी बंद पडते, गर्दीच्या दिवशी कुठे रांग नसते, हे त्या डोंगरावर पोट असलेल्या माणसालाच पक्कं ठाऊक असतं. अशी माणसं तिथे टिकायची असतील तर आपल्या खर्चातला वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा. त्यासाठी थोडी तयारी घरूनच करावी लागते.

बुकिंगआधी मालक कोण ते बघा

वेल रिसॉर्ट्स या एकाच अमेरिकी कंपनीकडे जगभरातली ४० च्या आसपास स्की रिसॉर्ट्स आहेत, शिवाय स्कीचं सामान विकणारी आणि भाड्याने देणारी दुकानंही. अनेक रिसॉर्ट्सच्या लिफ्टवर चालणारा मोठा पास घेतला की राहणं, शिकवणी, सामान सगळं एकाच खिडकीवर मिळतं. सोय होते, पण पैसा त्याच खिडकीत जातो. याला पर्याय आहेत. २०१९ साली सुरू झालेला इंडी पास प्रामुख्याने लहान, स्वतंत्र स्की-क्षेत्रांसाठी आहे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातलं मॅड रिव्हर ग्लेन हे स्की-क्षेत्र तर १९९५ पासून स्कीअर्सच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. मोठ्या रिसॉर्टला जायचं ठरलंच असेल तरी हरकत नाही: लिफ्टचा पास त्यांचा घ्या, बाकीचं गावात शोधा. कुटुंब चालवत असलेलं छोटं निवास सापडलं तर थेट फोन करा. मधल्या संकेतस्थळाचं कमिशन वाचतं आणि बोलता बोलता पहिला सल्लाही मिळतो.

बूट स्वतंत्र दुकानातून भाड्याने घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. चांगला दुकानदार नुसता नंबर विचारून बूट हातात देत नाही. तो पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतो, बुटाच्या आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतो आणि बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे किती जागा उरते ते पाहतो. साधारण दीड-दोन सेंटिमीटर उरली तर माप ठीक. अस्तर परत घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात. मोजा एकच आणि पातळ घाला. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवरून ठरतं, त्यामुळे वजन कमी किंवा कौशल्य जास्त सांगू नका. पडल्यावर स्की वेळेवर सुटणं यावरच अवलंबून आहे.

दुकानात शक्यतो आदल्या दिवशी दुपारी जा. सकाळी लिफ्ट सुरू व्हायच्या वेळी तिथे कुणालाही बोलायला उसंत नसते.

प्रश्न नेमका विचारा

‘इथे काय चांगलं आहे?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, ‘उद्या दुपारनंतर ऊन पडलं तर बर्फ कुठे टिकेल?’ किंवा ‘आज वाऱ्यामुळे कुठली बाजू टाळावी?’ उतार किती अवघड ते रंगाने दाखवतात, तेव्हा आपली पातळीही रंगाच्या भाषेत सांगा, पण जपून. युरोपात निळ्या आणि काळ्याच्या मधे लाल उतार असतो. अमेरिकेत लाल नाहीच, निळ्यानंतर थेट काळा. एकीकडच्या रंगावरून दुसरीकडचा अंदाज बांधाल तर फसाल.

एकाच गोष्टीबद्दल दोघांना विचारा: दुकानदाराला आणि लिफ्टवर काम करणाऱ्याला. दोघांचं एकमत झालं की खुशाल निघा.

आखलेल्या उतारांबाहेर सल्ल्यावर भागवू नका

इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. ‘सगळे जातात तिकडे’ हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला तरी त्यावर जीव टांगू नये. हिमस्खलनाचा त्या दिवसाचा अंदाज स्वतः वाचा. युरोप आणि उत्तर अमेरिकेत धोक्याची पातळी १ ते ५ अशी देतात. ३ ही संख्या मधली दिसते म्हणून निर्धास्त होऊ नका, कितीतरी जीवघेणे अपघात याच पातळीला होतात. जायचंच असेल तर आयएफएमजीए या पर्वत-गाईडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेला गाईड घ्या. अनेक गाईड स्वतंत्र काम करतात किंवा त्यांच्या स्थानिक संघटनेतून मिळतात. फ्रान्समधल्या शामोनीतली अशी संघटना १८२१ पासून चालू आहे. दिवसाचे पैसे जास्त वाटतील, पण मोबदल्यात त्या डोंगराची वर्षानुवर्षांची ओळख मिळते आणि पैसा थेट त्या माणसाच्या हातात जातो.

सल्ल्याची किंमत ठेवा

दुकानात तासभर बूट घालून बघायचे आणि तेच ऑनलाइन स्वस्तात मागवायचे, हे करू नका. बूट विकत घेतलेत तर पाय दुखू लागल्यावर कवच गरम करून फुगवून देणारा तोच दुकानदार असतो. निघण्याआधी दुकानाचं नाव आणि नेमकं काय चांगलं केलं ते लिहून ऑनलाइन अभिप्राय द्या. छोट्या धंद्याला दुसरी जाहिरात फारशी परवडत नाही. आणि पुढच्या हंगामात तिथेच यायचं असेल तर खोली निघतानाच समोरासमोर सांगून ठेवा.